चिंधी नसलेलं दार

"ओ भाऊ, माह्या भिंतीले काय करून राहिले?"

मी ओरडले, तेव्हा तो आमच्या दारापाशी उकिडवा बसून चुन्याचा पट्टा ओढत होता. दचकून उठला—आणि कुंच्याचा फटकारा थेट दोरीवरच्या माझ्या निळ्या पातळावर!

"घाबरू नका जी," तो म्हणाला. "पांढरा पट्टा म्हणजे या घराले पुराचा धोका कमी."

"आणि माह्या पातळाले?"

तो हसला. त्या हसण्यानं माझा राग गेला, हे मी आजही कबूल करत नाही.

त्याचं नाव चंद्रभान. कारपोरेशनात नुकताच लागलेला. सक्करदऱ्याच्या आमच्या वस्तीमागून नाला वाहतो आणि पावसाळ्यात तो पाहुण्यासारखा घरात शिरतो. कुठल्या घराला किती धोका, हे आधीच ठरवून ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. कुडाचं घर, सखल जागा असली की गेरूचा पट्टा. विटांचं घर, उंच जोतं असलं की चुन्याचा.

"चुकलं तुमचं," मी म्हणाले.

"कसं? भिंत तर पक्की आहे."

"भिंतीले कुठं पळायचं आहे? आत माही माय आहे. लकव्यानं तिचा पाय गेला. मी बालवाडीत शिकवाले गेली तर तिले बाहेर कोण काढंन?"

कुंचा बादलीत ठेवून तो म्हणाला, "खरं आहे... मी भिंतीच पाहून राहिलो होतो. माणसं कशी मोजायची, तुम्हीच सांगा."

ज्याच्याशी भांडायला जावं, तोच माणूस असा ऐकायला लागला की फार पंचाईत होते.

मग गांधीबागेतल्या कापड दुकानांतून मी लाल कापडाची कातरणं आणली. ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, बाळंतीण किंवा आंधळं कुणी असेल, त्या दाराच्या कडीला लाल चिंधी. वस्तीतल्या बुद्धविहारात पुराच्या इशाऱ्याची थाळी वाजली की तरण्या पोरांनी आधी तिकडे धावायचं. नियम माझाच होता: लाल चिंधी दिसली की विचारत बसायचं नाही, आधी हात धरायचा.

उन्हाळाभर आम्ही दोघं दारोदार फिरलो. रोज संध्याकाळी तो आमच्याच दाराशी पाणी मागायचा. वस्तीत दुसरीकडे जणू माठच नव्हते!

"एकट्या माणसाच्या दाराले चिंधी बांधायची का जी?" एकदा त्यानं विचारलं.

"कोण एकटं?"

"मी. तिकडं महाल भागात खोली करून राहतो."

"तुमच्या खोलीत कुठं पाणी शिरते?"

"पाणी नाही शिरत..." तो हातातल्या पाण्याच्या गडव्यात बघत म्हणाला. "दुसरंच काही शिरलं."

मी गडवा हिसकावून आत पळाले. कान तापले होते.

पण तो पुढे काही बोलला नाही. आणि श्रावणात कामठीच्या पाहुण्यांनी मला बघायला यायचं ठरलं. चंद्रभानला काय म्हणून सांगायचं? मीही गप्प बसले. पाहुणे संध्याकाळी यायचे होते, म्हणून त्या दिवशीही सकाळी मन रमवायला बालवाडीत गेले.

दुपारी नाला फुगला. विहारात थाळी वाजली. बालवाडीतल्या पोरांना घेऊन मी विहाराच्या गच्चीवर चढले. आईची भीती वाटली, पण दाराला चिंधी होती. कुणीतरी धावलं असेलच.

तेवढ्यात शेजारच्या तुळसाबाई चिंब भिजून वर आल्या.

"वं शामला, तुमच्या दाराले चिंधीच नव्हती वं! सकाळीच मायनं सोडली तुह्या. पाहुण्याईनं पाह्यली तर काय म्हणतीन, म्हणे!"

पोरं तुळसाबाईंच्या हवाली केली आणि धावत सुटले. कोपऱ्यावर पाणी गुडघ्याला लागलं. आमचं दार म्हणजे वस्तीचं शेवटचं टोक... चिंधी नाही, तर तिथवर कोण जाणार?

आणि समोरून तो आला. चंद्रभान! त्याच्या पाठीवर आई. एका हातानं तिनं त्याच्या डोक्यावर छत्री धरलेली आणि तोंडाचा पट्टा चालू.

"हळू चाल गा! पाडशीन मले!"

मला हसू फुटलं आणि रडूही. पाणी तुडवत पुढे झाले.

"चिंधी नव्हती," मी कशीबशी म्हणाले. "मग कसे गेले तुम्ही?"

"उन्हाळाभर तेच दार पाहून राहिलो मी," तो धापा टाकत म्हणाला. "त्या दाराले काहून चिंधी पाहिजे?"

विहारात आईनं गरम चहा घेतला. पाहुणे नाल्यापलीकडूनच परतले, असं कळलं.

"जाऊ दे," आई म्हणाली. "ते येऊन माही लंगडी चाल पाहणार होते. या पोरानं तर मलेच पाठीवर घेतलं. आता अजून काय पाहायचं राहिलं वं?"

तिनं कमरेला खोचलेली ओली चिंधी काढून माझ्यापुढे धरली. "घे, मीच सोडली होती. चुकलं माहं."

मी हात पुढे करायच्या आत चंद्रभाननं ती घेतली. एका हातानं, दातांनी गाठ मारत, स्वतःच्याच मनगटाला बांधली.

"हे काय?"

"एकटा माणूस आहे जी," तो हळूच म्हणाला. "नियमात बसते का?"

आई चहाच्या कपात बघत बसली. तुळसाबाईंनी पदर तोंडाला लावला.

नियम माझाच होता. विचारत बसायचं नाही.

मी त्याचा हात धरला.