पाडीच्या पुढे पेट्रोल येईना

वीज गेलीय तर बसा गच्चीवर गुपचूप, नातवंडांनो. सुंदरी, हसायचं असेल तर खाली जा. भूतबीत मी मानत नाही. तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस आहे. पण माझा साडू वादिराज तुम्ही पाहिलाय. त्याचीच गोष्ट. त्याच्यासाठी खोटं बोलावं एवढं त्याचं कौतुक मला नाही.

सन पासष्ट. आयुधपूजेची, म्हणजे आपल्या खंडेनवमीची रात्र. वादिराज तेव्हा मद्रासबाहेर अंबत्तूरला राहायचा; घरात बायको सरोजा आणि आई अन्नपूर्णाबाई. म्हातारीला दमा. आठ महिने ती खाटेवरून उठली नव्हती. त्या रात्री धाप लागली आणि घरातलं इंजेक्शन संपलेलं. शेजारची नर्स विशालाक्षी म्हणाली, "सार, नुंगंबाक्कमला एक दुकान उघडं असेल. औषध आणा, मी सुई उकळून ठेवते."

आता या शहाण्याची मोटरसायकल. लष्करानं लिलावात काढलेली, माझ्यापेक्षा जास्त खोकणारी. तिचं इंग्रजी पुस्तक याला तोंडपाठ, म्हणून मिस्त्रीला हात लावू द्यायचा नाही. "मिस्त्रीला काय अक्कल?" हे नेहमीचं पालुपद. सकाळी पूजेत गाडीला स्वतः चंदन-कुंकू फासलं. आपण सगळेच लावतो, चिमूटभर. यानं वाटीभर! पूजेची गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत हलवत नाहीत, पण दमा काही पंचांग बघत नाही. निघाला.

जाताना गाडी दोनदा अडखळली. याला काही कळलं नाही. औषध मात्र मिळालं. परतताना वाटेतलं पाडी गाव ओलांडलं, आणि अकराला दहा कमी असताना गाडी फुसफुसून थांबली.

यानं डोक्यातलं पुस्तक उघडलं. प्लग काढला, ठिणगी होती. पेट्रोलची नळी काढली. चार थेंब आले, बंद. कार्बुरेटर खोलून जेट फुंकलं, स्वच्छ. टाकी? ती कालच गळ्यापर्यंत भरलेली, झाकण कशाला उघडायचं! पुन्हा किक मारली. सुरू झाली, दोन फर्लांग गेली, बंद. पुन्हा नळी, पुन्हा फुंकर. असं तीनदा. औषध याच्या खिशात, आणि तिकडे आईचा जीव कंठाशी.

रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

मग मागून पावलं वाजली. हळू.

आईच होती. नऊवारी लुगडं. अनवाणी. धाप नाही... श्वासाचा आवाजच नाही...

"वादू, झाकण काढ."

दुसरा कोणी असता तर पाय धरले असते. निदान किंचाळला असता. हा काय म्हणाला ठाऊक आहे? नंतर त्यानंच सरोजाला रडत सांगितलं. म्हणाला, "तुला काय कळतं गाडीतलं? घरी जा!"



तिनं उजवा हात पुढे केला. झाकण फिरवलं...

स्स्स्...

टाकीनं लांब श्वास घेतला.

अरे, त्या झाकणाला टाचणीएवढं भोक असतं, हवा आत जायला. हवा नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. तेच भोक या विद्वानानं चंदनानं लिंपून टाकलं होतं.

त्यानं मान वर केली. कोणी नव्हतं.

गाडी एका किकमध्ये सुरू झाली. घरी पोचला तेव्हा बारा वाजायला पाच होते. विशालाक्षीची सुई पाण्यातच होती. अन्नपूर्णाबाई अर्ध्या तासापूर्वी गेल्या होत्या. खाटेवरच.

पहाटे मी पोचलो. वादिराज ओसरीवर बसला होता, औषधाची पुडी मुठीत धरून. त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. अजूनही येत नाही. आईशी शेवटचं काय बोललास, गाढवा... पण ते मी विचारलं नाही.

बायकांनी तिला आंघोळ घातली. तुमची आजी होती त्यांत. म्हातारीचा उजवा हात शिकेकाईनं धुतला. पुन्हा धुतला. लिंबू चोळलं...

पेट्रोलचा वास जाईना.