पाठमोऱ्यांची कुळकथा

सोनकड्याच्या बुरुजांवरचे पहाटेचे धुके पुरते ओसरलेही नव्हते, तोच सदरेवर नौबत झडली आणि वेढ्यातून वाचलेली सारी शिबंदी अदबीने उभी राहिली. कारण ज्याने एकट्याने दिंडीदरवाजा राखून गड वाचवला म्हणतात, त्या हवालदार निंबाजीला आज खुद्द महाराज ‘दिंडीराखे’ हे आडनाव वंशपरंपरेने बहाल करणार होते.

निंबाजीची मान मात्र वर होत नव्हती. गनीम दिंडीवर तुटून पडला तेव्हा हा मर्दगडी दारूकोठाराआड दडून बसला होता. दिंडी रोखली ती पहारेकरी चांगोजीने, देहाची चाळण होईपर्यंत. कुमक पोहोचली तेव्हा चांगोजी गतप्राण झाला होता आणि त्याची रक्ताळलेली तलवार उचलून उभा असलेला निंबाजीच तेवढा लोकांना दिसला. जयजयकार झाला. त्या गजरात खरे सांगायला त्याची जीभ रेटली नाही.

रिवाजाप्रमाणे मानकऱ्याला ओवाळायला गडाची लेक पुढे आली. ती नेमकी चांगोजीची बहीण गोजरा निघाली.

“हवालदार,” तिने हळूच विचारले, “माझा दादा भित्रा नव्हता ना? लोकं म्हणत्यात, तुम्ही लढत होता अन् त्यो पळताना मेला.”

निंबाजीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिचे बोट कुंकवात बुडाले, तसा तो मागे सरला.

“नको, पोरी. या कपाळाला लावू नकोस.”

त्याने पागोटे उतरवून महाराजांच्या पायांशी ठेवले. “महाराज, दडून बसलो तो मी. दिंडी चांगोजीनं राखली. हे काळं तोंड घेऊन जगवत नाही. गर्दन मारण्याचा हुकूम व्हावा.”

महाराजांचा संताप ओठांवर थरथरत होता.

“मरून सुटका हवी होय? ‘दिंडीराखे’ हे नाव आम्ही चांगोजीच्या लेकरांना देतो. तुम्ही रणात पाठ दाखवलीत, निंबाजी; तुमचं घराणं आजपासून ‘पाठमोरे’. आणि त्या दिंडीचा पहारा पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याकडेच.”

गोजरा न ओवाळताच तबक घेऊन माघारी वळली.

दुसऱ्या दिवशी ती घागर घेऊन पाण्याला निघाली. बंद दिंडीशी निंबाजी भाला घेऊन उभा होता. कालपर्यंत त्याचा जयजयकार करणारे शिपाई आसपास उभे होते. गोजराने त्या साऱ्यांदेखत खणखणीत हाक दिली, “पाठमोरे, दार उघडा!”

“जी,” म्हणून त्याने अडसर काढला.