टाकीत मेलेल्याची कबुली

"माझा नवरा चोरून टाकीत उतरला नाय," मेघालीनं बसायच्या आधीच सांगितलं. "कारखानेवाले म्हणतात, चूक त्याचीच. आमच्या दांडी गावात सगळे तेच बोलतात. हा डाग पुसून द्या, ताई."

बोईसरच्या एका रासायनिक कारखान्यात टाकी साफ करताना आठवड्यापूर्वी तिचा नवरा ललित गुदमरून मेला होता. मेघाली पालघरला दमयंती सावेकडे आली होती. दमयंती खासगी तपास करायची. दिनानाथ चुरी तिचे कागद सांभाळायचा.

मेघालीनं एक वही पुढं केली. "ऑपरेटरची परीक्षा द्यायची होती त्याला. रोज एक इंग्रजी शब्द लिहायचा."

पानांच्या एकाच बाजूला लिहिलेलं, पानांना आकडे घातलेले. प्रत्येक पानावर शब्द, अर्थ, उगम, वाक्यात उपयोग. चाळिसाव्या पानावरचा उपयोग वाचून दिनानाथ दचकला. "'मी माझ्या बायकोला सोडून देतो'? हे काय?"

मेघाली हसली आणि हसता हसताच रडली. "मला वाचून दाखवलेलं. मी म्हटलं, मेल्या, सोडून तर बघ!"

पुढचं पान कोरं. आकडा बेचाळीस.

"वही कुठं होती?"

"कारखान्यातल्या कपाटात. माझा भाऊ रामा तिथंच कामाला हाय. त्यानंच आणून दिली."

कारखान्यात मॅनेजर भाग्येशनं कागद दाखवला. अक्षर ललितचंच, वाक्य एकच, इंग्रजी. दिनानाथनं मराठीत सांगितलं: "मी टाकीत उतरून माझा जीव धोक्यात घालतो." क्रियापद होतं जेपर्डाइज.

"कबुलीच आहे," भाग्येश म्हणाला. "न विचारता एकटा उतरला."

कागदाची वरची बाजू कात्रीनं कापलेली होती.

"उतरायची रीत काय तुमच्याकडं?" दमयंतीनं विचारलं.

"एक आत, एक वर. आतल्याच्या कमरेचा दोर वरच्याच्या हातात. हा दोराशिवायच गेला."

दांडीला होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली होत्या. पावसाळ्याची मासेमारी बंदी लागून महिना झाला होता.

"मी तवा दुसऱ्या मशिनवर होतो," मेघालीच्या अंगणात रामा म्हणाला. त्याच्या तळहातांची कातडी पट्ट्यासारखी सोलली होती.

"हे कशानं?"

"होडीवर गेलेलो. जाळ्याचा दोर ओढताना."

"हळद लाव रे," दिनानाथ हळहळला.

दमयंतीनं मेघालीला आतून बोलावलं.

"होड्या महिनाभर जागच्या हलल्या नाहीत, रामा. तू दोर ओढलास, पण त्याच्या टोकाला तुझा मेहुणा होता. वर दोरवाला उभा होता म्हणजे ललित चोरून गेला नव्हता. त्याला उतरवलं होतं."

"पण कबुली?" दिनानाथ म्हणाला.

"कसली कबुली? त्यानं बायकोला सोडलं होतं का? शब्द शिकताना तो स्वतःवरच वाक्यं करायचा. हे त्याच्या वहीतलं गायब एकेचाळिसावं पान. अर्थ आणि उगम कापला, उपयोग तेवढा ठेवला."

"उगम काय त्याचा?"

"जुन्या फ्रेंचमधला. बरोबरीत अडलेला डाव, कोणीही हरू शकेल असा. इथं तसलं काही नाही. इथं हरणारा आधीच ठरलेला असतो. तो टाकीत असतो, केबिनमध्ये नाही."

रामा मेघालीकडं वळला.

"भाग्येश सायबानंच उतरवला त्याला. मधेच मला वाल्व बघायला धाडलं. आलो तर दोर जड. लय ओढला, मेघाली... सायब म्हणाला, त्याच्या हातचं कायतरी लिहिलेलं आण, नायतर केस तुझ्यावर. पान मीच फाडून दिलं."

"हे पोलिसांत सांग," दमयंती म्हणाली.

"मला आत टाकतील."

"टाकू देत. मी भेटायला येईन, दादा," मेघाली म्हणाली. "बोलणार मात्र नाय."