शेळीचा पाऊस

कोडं असं होतं: पाचवीच्या वर्गात मधल्या सुट्टीत ज्याला विचारावं तो म्हणायचा की अपूर्णांक डोक्यावरून गेले. आणि शाळेच्या नोंदीत मात्र अडतीसच्या अडतीस मुलांना ते उत्तम समजले होते.

२०५८ सालची गोष्ट. कातळवाडीच्या शाळेत पंतोजी नावाचा यंत्रमानव (माणसाची कामं करणारं यंत्र) शिकवायचा. धडा वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा, खाली काय उत्तरं येतात ते मोजायचा आणि पुढे सरकायचा. तो दमत नसे, रागवत नसे आणि ऐकतही नसे. शुक्रवारी चार वाजता तो अपूर्णांक कायमचे बंद करून बीजगणित काढणार होता.

गुरुवारी हेमांगीने वैतागून ग्रुपवर लिहिलं, 'सर, मला अपूर्णांक अजिबात समजले नाहीत.'

पाच मिनिटांत त्याखाली घराघरांतून अडतीस नमस्कार उमटले. पंतोजीने कळवलं, 'समजल्याची पोच अडतीस. अभिनंदन, हेमांगी.'

अडतिसांत एक नमस्कार घरचाच होता.

"बाबा, काय वाचून हात जोडलेत?"

"वाचतंय कोण? शाळेचा मेसेज दिसला, जोडले. नाही जोडले तर बरं दिसत नाही गं."

हेमांगी पाय आपटत आजोबांकडे गेली. तात्यांनी हवामान खात्यात चाळीस वर्षं पाऊस मोजला होता.

"तात्या, यंत्रं खोटं बोलतात का हो?"

"छे. एकदा ऐन एप्रिलमध्ये आमच्या पर्जन्यमापकात (पाऊस मोजायच्या भांड्यात) सहा मिलिमीटर पाऊस निघाला. आभाळ कोरडं ठणठणीत. साहेबांची तीन पत्रं आली."

"मग?"

"शेळी. शेजारच्या कट्ट्यावर चढली होती."

"चढून काय केलं?"

"शेळ्या करतात तेच."

हेमांगीला हसायचं नव्हतं, पण इलाज नव्हता.

"भांडं खोटं बोललं नाही," तात्या म्हणाले. "त्याला पाणी कळतं, पाऊस कळत नाही. तुझ्या पंतोजीला काय कळतं?"

"नमस्कार."

"आणि समजणं?"

"ते कसं दिसणार? ते डोक्यात असतं."

"म्हणून तर खूण मोजावी लागते. तिला दर्शक म्हणतात (खरी गोष्ट मोजता येत नाही, तेव्हा तिच्याऐवजी मोजतात ती खूण). दर्शक असा निवडावा, की खरी गोष्ट नसेल तर तो उमटूच नये. न समजता नमस्कार करता येतो. न समजता काय करता येत नाही?"

हेमांगी नख चावत म्हणाली, "दुसऱ्याला समजावता येत नाही."

शुक्रवारी सकाळची शाळा सुटताना तिने पंतोजीला गाठलं. "सर, नमस्कार मोजू नका. एक प्रश्न टाका. भाकरीचा तिसरा हिस्सा मोठा की चौथा, आणि का? ज्याने त्याने आपल्या आवाजात सांगायचं."

"नोंदीनुसार सर्वांना समजले आहे."

"मग विचारायला भीती कसली?"

भीतीची नोंद पंतोजीकडे नव्हती. त्याने प्रश्न टाकला.

चारच्या आत अडतीस आवाज आले. एकोणतीस जण म्हणाले, चौथा मोठा, कारण तिनापेक्षा चार मोठे. त्यांत हेमांगीही होती. सहा जणांच्या मते दोन्ही सारखेच, भाकरी एकच ना. एका उत्तरात मागून आईची कुजबुज ऐकू येत होती. दोन बरोबर होती.

पंतोजीने अडतीसही उत्तरं पुन्हा एकदा ऐकली. मग ग्रुपवर एकच ओळ आली, 'माझी खूण चुकली. बीजगणित रद्द.'

सोमवारी तो फळ्यापाशी दोन भाकऱ्या घेऊन उभा होता. एकीचे तीन तुकडे केले, दुसरीचे चार. हेमांगीने तुकडे एकावर एक ठेवून पाहिले आणि एकदम तिच्या लक्षात आलं.

"समजलं, सर."

"सांगून दाखव."

"वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो. तिघांत वाटलेला तुकडा चौघांत वाटलेल्यापेक्षा मोठाच."

मग पंतोजीने तेच एकेकाला विचारलं. शाळा दीड तास उशिरा सुटली आणि पालक फाटकाशी चिडून उभे राहिले. तात्या म्हणतात, पुढेमागे कपाळावरची आठी वाचणारं यंत्रही निघेल. निघो. तोवर पंतोजी विचारतो, मुलं सांगतात, आणि पाचवी अजून अपूर्णांकांतच आहे. पण जिथे आहे तिथे खरोखर आहे.