रेघेवरचं चाक

दोन मोटरसायकली. बावीस लिटर पेट्रोल, नऊ लिटर पाणी, दीड लिटर इंजिन ऑइल. पान्यांची एक पिशवी, तिच्यात एक पोलादी मोजपट्टी. दोराची दोन भेंडोळी, दोन पांघरुणं, खडूचा एक तुकडा. माणसं दोन, काका आणि पुतणी. आणि परत आणायची गोष्ट एकच : पुतणीच्या थोरल्या भावाची, दादाची मोटरसायकल.

ती आठ महिन्यांपासून डोंगरापलीकडच्या कोरड्या घळीत, डाव्या कुशीवर पडून होती. दादाचा देह त्याच दिवशी वर आणला होता. गाडीकडे तेव्हा कोण बघणार? आता वरचं बर्फ वितळू लागलं होतं. आठवड्याभरात घळ दुथडी भरून वाहिली असती आणि गाडी कायमची गेली असती. म्हणून ही मोहीम.

नातेवाईक म्हणत, पोराला वेगच नडला. काकांना ते पटत नसे. त्यांच्या गॅरेजची एक रीत होती. क्लचचं काम झालं की फरशीवर खडूने रेघ मारायची, गाडीचं पुढचं चाक रेघेपाशी आणायचं, इंजिन चालू करायचं आणि क्लच दाबून पहिला गिअर टाकायचा. क्लच पुरता सुटत नसेल, तर तो दाबलेला असूनही गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते. सरकली, की पुन्हा खोलायची. मग गिऱ्हाईक कितीही घायकुतीला येवो. दादाच्या गाडीत काकांनी क्लचच्या जुन्याच प्लेटा पुन्हा बसवल्या होत्या. रेघ मारायला ते खडू शोधत होते, तेवढ्यात दादा हसून म्हणाला, "गाडी तुम्ही जोडलीय ना काका? मग रेघ कशाला?"

काका सुखावले. त्यांनी फाटक उघडलं.

त्या दिवसानंतर त्यांनी क्लचला हात लावला नव्हता. पंक्चर काढायचे, हवा भरायचे. जेवताना घास हातात धरून कुठेतरी बघत बसायचे. तुमचा काही दोष नाही, असं घरातल्या सगळ्यांनी त्यांना सांगून पाहिलं होतं. पुतणीने मात्र कधी सांगितलं नाही. मोजल्याशिवाय बोलायचं नाही हा तिचा लहानपणापासूनचा खाक्या. काका तिला मापाडीच म्हणत.

माळ संपून खडीचा चढ लागला, तशी तिची गाडी धापा टाकायला लागली. चाकाखालून दगड निसटत होते. ती अर्ध्या क्लचवर गाडी रेटत राहिली.

"मापाडी, क्लच सोड!" मागून काका ओरडले. "प्लेटा भाजून काढशील."

"खडी सरकतेय काका!"

"सरकू दे. तू सरकू नकोस म्हणजे झालं."

माथ्यावर पोचल्यावर तिच्या इंजिनाला जळका वास येत होता. काकांनी नाक मुरडलं. "तुझ्या प्रयोगशाळेत असलं काही केलं असतंस, तर घरी बसवलं असतं तुला."

"बसवलंच समजा. रजा घेऊन आलेय."

काकांच्या ओठांचा एक कोपरा हलला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. मग समोरची वाट दिसली आणि तोही थिजला.

माथ्यावरून वाट कड्याला धरून घळीत उतरत होती. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. जिथून दादा गेला, ते वळण निम्म्यावर होतं. तिथे वाट जराशी रुंद आणि सपाट होती, जणू दम खायला मुद्दाम ठेवलेली. पुतणी पुढे होती. वळणावर थांबावं म्हणून तिने क्लच दाबला.

गाडी थांबली नाही!

तिने ब्रेक दाबला. मागचं चाक खडीवर घसरलं. इंजिन पुढे रेटतच होतं. लिव्हर मुठीत पार आवळलेली, आणि तरी पुढचं चाक कडेकडे चाललेलं. हातभर उरलं. वीतभर उरलं. तिच्या अंगठ्याने इंजिन बंद करायचं बटण दाबलं!

एकदम शांतता झाली. दोन खडे कडेवरून खाली गेले, पण पडल्याचा आवाज ऐकू आला नाही.

काका गाडी टाकून धावत आले. त्यांनी आधी तिची कॉलर धरून तिला मागे ओढलं, मग गाडी. "न्यूट्रल?" त्यांनी विचारलं.

"सापडत नव्हता. क्लच सुटत नाहीये."

काका खडीवर बसले. "इथेच," ते म्हणाले. "त्याचंही अस्संच झालं. मी घालवलं त्याला."

"झालं असेल," ती म्हणाली. "नसेलही."

इंजिन बंद ठेवून, दोर धरून त्यांनी तिची गाडी कशीबशी खाली उतरवली, मागून काकांचीही आणली. दादाची गाडी घळीत दिसली, तेव्हा दोघंही थोडं लांबच थांबले. पुढचं चाक आठाच्या आकड्यासारखं मुरडलं होतं. क्लचच्या लिव्हरवर दादाने हौसेने गुंडाळलेली लाल चिकटपट्टी उन्हाने गुलाबी झाली होती. काका वाकले आणि गाडीच्या सीटवरची धूळ तळव्याने पुसू लागले. बराच वेळ पुसत राहिले.

मग घळीच्या वरच्या अंगाने आवाज आला. कुणी दूरवर गोणपाट ओढत असल्यासारखा.

"पाणी," ती म्हणाली.

ते आठवड्याने यायचं होतं. आलं होतं आजच! आधी दगडांमधून एक बोटभर धार आली, मग दोन, मग दगडच दिसेनासे झाले. दादाची गाडी वर न्यायची गोष्ट तिथेच संपली. आता स्वतः वर जायचा प्रश्न होता. काकांच्या गाडीवर दोघं बसून तो चढ होणार नव्हता. चालत निघावं, तर पाठीवर नेता येईल तेवढं पाणी माळावर पुरलं नसतं.

तिने दादाच्या गाडीकडे बघितलं. तिची गाडीही त्याच जातीची होती.

"काका, त्याच्या प्लेटा माझ्या गाडीत बसतील."

"नाही."

"बसतील की नाही ते सांगा."

"बसतील. पण मी बसवणार नाही. एकाला नेलंय त्यांनी."

"ते अजून कळायचंय."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, वाढत्या पाण्याकडे पाहिलं. "मग ती गाडी मी चालवणार," ते म्हणाले. "तू माझी घे. यावर वाद नको."

तिने मान डोलावली. आठ महिन्यांनी काकांनी पाना हातात घेतला. तिची गाडी डाव्या कुशीवर निजवून, ऑइल सांडू न देता, त्यांनी उजव्या बाजूचं क्लचचं झाकण काढलं. आतल्या स्टीलच्या प्लेटा निळ्या पडल्या होत्या. दोन एकमेकींवर ठेवल्या, तर मधून उजेड दिसत होता. चढावर तापून त्या मुरडल्या होत्या. तोवर तिने दादाच्या गाडीचं झाकण उघडलं होतं. प्लेटा ज्यात बसतात त्या बास्केटच्या बोटांवर तिने नख फिरवलं, प्लेटा अडकतील अशी खाच कुठे लागली नाही. केबल सहज सरकत होती. राहिल्या प्लेटा. एकमेकींना चिकटलेल्या त्या प्लेटा तिने पात्याने सोडवल्या, ऑइलमध्ये बुडवल्या आणि क्रमाने काकांच्या हातात दिल्या.

"उजेड दिसत नाहीये मधून," ती म्हणाली.

"थंड असताना सगळ्याच साळसूद दिसतात. तापल्यावर बोल."

पाणी घोट्याला लागलं. शेवटचा बोल्ट आवळला गेला. काकांनी किक मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं! गाड्या वाटेला लागल्या आणि तिने एकदाच मागे बघितलं. गुलाबी चिकटपट्टीची लिव्हर तेवढी पाण्याबाहेर होती. पुढच्या वळणावर तीही दिसेनाशी झाली.

काका पुढे, ती मागे. तिची नजर त्यांच्या मागच्या चाकावरून हलत नव्हती. चढ, खडक, पुन्हा चढ. आणि त्या वळणावर, नेमक्या त्या वळणावर, काका थांबले.

"पुढे चला काका!"

ते हलले नाहीत. गाडी न्यूट्रलला टाकून, पाय टेकून बसले होते. "आता तापलंय इंजिन," ते म्हणाले. "त्याचंही असंच तापलेलं असणार. खडू काढ."

ती उतरली. गुडघे टेकून तिने पुढच्या चाकासमोर, खडकावर रेघ मारली.

"सरकली तर?" काकांनी विचारलं.

"तर मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"आणि नाही सरकली, तर तो कशाने गेला?"

तिने पट्टी हातात घेतली. खाली पाण्याचा आवाज वाढला होता. "ते मग आपल्याला कधीच कळणार नाही, काका."

"मोज," काका म्हणाले.

टायर आणि रेघ यांच्यात चार मिलिमीटर अंतर होतं. काकांनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, ब्रेकवरचा हात काढला आणि इंजिनाचा आवाज चढवला. फरशीवर करत, तेवढाच वेळ त्यांनी तो चढता ठेवला. मग इंजिन बंद केलं आणि तिने वाकून पुन्हा पट्टी लावली.

चार मिलिमीटर.