पिल्लाचा आवाज

शाळेच्या प्रदर्शनासाठी दीक्षा मॅडमना एक फोटो कमी पडत होता, एवढंच काम होतं. मॅडम घणसोलीत विज्ञान शिकवतात. खाडीतली पाखरं मुलांना ओळखता यावीत म्हणून माझे फोटो त्या वर्गावर्गातून फिरवतात. मी गावठाणातलाच. खालच्या खोल्यांच्या भाड्यावर घर चालतं, त्यामुळे कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडायला मोकळा.

"कुंदनसर, पाणकोंबडी द्याच," त्या फोनवर म्हणाल्या. "पिल्लांची आई. आई बघितली ना, की मुलं जीव लावतात."

श्रावणातली दुपार होती. मी एकटाच बांधावरून कांदळवनाकडे उतरलो. ओहोटी लागली होती. चिखलाला कुजकट वास सुटला होता, आणि वारा पडल्यामुळे बुडबुडा फुटला तरी ऐकू येत होता. भर दुपारी आत अंधारून आलेलं. लव्हाळ्यात पाणकोंबडीची पांढरी छाती क्षणभर दिसली. तिच्या पायांशी काळी पिल्लं होती. ती काही केल्या बाहेर येईना.

यावर आम्हा फोटोवाल्यांकडे एक हमखास उपाय असतो. पाखराचाच आवाज फोनवर लावायचा. विणीच्या दिवसांत हे करू नये, असं शाळेत जाऊन मीच मुलांना सांगतो. पण बांधावर उजेड छान पडला होता, आणि मला मोह आवरला नाही. पिल्लाच्या रडण्याचा आवाज लावून मी फोन बांधावर ठेवला.

ती धावत आली. लव्हाळं सोडून उघड्यावर, थेट फोनपाशी. मान वर, चोच उघडी. मी शटर दाबतच राहिलो. असा फोटो मला जन्मात मिळाला नव्हता.

तेवढ्यात तिच्या मागे लव्हाळ्यावर घार उतरली. उठली तेव्हा पायांत काहीतरी काळं लोंबत होतं. मग ती पुन्हा उतरली.

मी झडप घालून फोन बंद केला, खिशात टाकला. आई लव्हाळ्यात शिरली, बाहेर आली, परत बांधावर आली. जिथे फोन ठेवला होता त्या रिकाम्या जागेभोवती फिरू लागली. आणि मलाही ऐकू आलं... फोन खिशात बंद होता, तरी पिल्लू तिथे रडतच होतं.

प्रदर्शनात त्या फोटोपुढून मुलं हलेनात. खाडीत भराव टाकू देणार नाही, असं ती मोठ्यांना बजावून सांगत होती. मॅडमचे डोळे भरून आले. एका मुलीने विचारलं, "सर, हिची पिल्लं कुठायत?"

"मागे... लव्हाळ्यात."

तिने लगेच विश्वास ठेवला. मला मान वर करवेना. एका फोटोपायी मी त्या आईचं घर रिकामं केलं होतं.

त्याच संध्याकाळी खाडीकडून हाक आली, माझ्या मनस्वीच्या आवाजात. अजून बालवाडीतही न गेलेली माझी पोर. "पप्पा... पप्पा, ये ना..." मी अनवाणी धावलो. बांधावर कोणी नव्हतं. घरी परतलो तर ती आईच्या हातून भात खात होती. माझ्या बायकोला, अक्षताला, काहीच ऐकू आलं नव्हतं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला हाक येते. मी मनस्वीला मांडीवर घेऊन बसतो. तिचं डोकं माझ्या छातीवर असतं, ऊन श्वास हाताला लागतो. आणि तरी बाहेर ती रडायला लागली की माझे पाय उठायला बघतात. आपली पोर आपल्याच मांडीवर आहे, हे मला पक्कं ठाऊक असतं. आपली पिल्लं आपल्या पायांशीच आहेत, हे त्या पाणकोंबडीलाही ठाऊक असेल का...

काल रडणं जिन्यापर्यंत आलं. हुंदक्यांनी श्वास अडकत होता पोरीचा. मला राहवलं नाही. मनस्वीला गॅलरीतल्या गादीवर बसवून मी दार उघडलं.

"कुटं चाल्लाव?" स्वयंपाकघरातून अक्षता ओरडली. "पोर एकटी हाय ना तिथं!"

मी मागे वळलो. बाहेर काळोख पडला होता. या वेळेला घारी केव्हाच झाडावर जाऊन बसलेल्या असतात. तरी गॅलरीच्या कठड्यावर एक घार बसली होती, मनस्वीपासून हातभर अंतरावर. मनस्वी गप्प होती. तोंड मिटून घारीकडे टक लावून बघत होती.

आणि माझ्या पाठीमागे, जिन्यात, ती अजून मला हाका मारत होती.