चौकटीत आलेला हात

"हा हात कापा. फोटो सुटसुटीत होईल."

मी वळून पाहिलं. टेबलावर वाळत ठेवलेल्या माझ्या प्रिंटवर एका तरुणाने, न विचारता, पुठ्ठ्याचे दोन काटकोन ठेवले होते. ते पुढेमागे सरकवून फोटोतलं काय ठेवायचं, काय कापायचं ते ठरवायचं, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. आमच्या फोटोग्राफीच्या वर्गात त्याला काटकोनच म्हणत.

फोटोत खिडकी, तिच्याखाली टेबल, टेबलावर दोन कप. आणि डाव्या कडेने आत आलेला एक धुरकट हात. शटर संथ ठेवलं होतं, त्यामुळे हललेला.

"तो माझ्या बाबांचा आहे," मी म्हटलं. "तीन महिने झाले त्यांना जाऊन."

काटकोन खिशात गेले. "माफ करा," तो म्हणाला. मग लोक काढता पाय घेतात, तसा त्याने घेतला नाही. नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला.

"राग आहे अजून?"

"आहे."

"मग चार शिव्या तरी द्या."

"येत नाहीत."

"शिकवू?"

मी हसले... आणि लगेच अपराधी वाटलं.

शुक्रवारी प्रत्येकाने एक फोटो सरांपुढे ठेवायचा होता. माझ्याकडे हाच एक धड होता. गुरुवारी दुपारी मी पट्टी आणि कटर घेऊन बसले.

"काय करतेस?" काटकोनने विचारलं.

"तुझंच ऐकतेय. सगळ्यांसमोर मला तो हात बघवणार नाही. सारखं वाटतं, बाबा चौकटीबाहेर निघालेत."

त्याने पट्टीवर हात ठेवला. "थांब. मी चुकलो होतो. बोटं बघ, आतल्या बाजूला वळलेली आहेत. आणि हा कप... दुसरा स्पष्ट आहे, हा किंचित हललाय. का?"

मी वाकून पाहिलं. इतके दिवस मी हातच बघत होते. कपाकडे लक्षच गेलं नव्हतं.

"बाबा कप सरकवत होते," मी हळूच म्हटलं. "माझ्याकडे. म्हणाले, 'आधी चहा घे. खिडकी कुठे पळून जातेय?'"

मी पट्टी बाजूला सरकवली. मग त्याने कटरचं पातं आत ढकललं.

शुक्रवारी फोटो अख्खाच ठेवला. सर बराच वेळ बघत राहिले. "हाताला हात लावू नकोस," एवढंच म्हणाले.

मग काटकोनचा फोटो आला. व्हरांड्यातून चालणारी मी, अगदी कडेला. माझ्यापुढे नुसती उजळ, रिकामी फरशी.

वर्ग सुटल्यावर मी त्याला गाठलं. "कापाकापीत तू पटाईत, आणि इतकी जागा सोडलीस?"

"चालणाऱ्याच्या पुढे जागा सोडावी म्हणतात."

"एवढी?"

त्याचे कान लाल झाले. खिशातले काटकोन काढून त्याने माझ्या हातावर ठेवले. "जास्त वाटत असेल तर... तूच काप."

कडा झिजून मऊ झालेले ते दोन पुठ्ठे मी क्षणभर धरून ठेवले. मग त्याच्याच खिशात परत घातले.

"राहू दे," मी म्हटलं. "दोघं मावतील एवढीच आहे."